व्हिडिओ सगळे पाहून झाले, पण प्रॉम्प्टसमोर हात थांबतो

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयाची निघाली: नोकरी सांभाळून नेटवर्किंगचं सर्टिफिकेशन, मुख्यतः राउटर-स्विच बनवणाऱ्या सिस्को कंपनीचं सीसीएनए. मी स्वतः रात्रपाळीत नेटवर्क मॉनिटरिंग करत करत ते केलं, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या वेळेवर टाकते आणि ही सगळी जागा या चौघांना देते. पहिल्या पत्राचं उत्तर बरंच लांबलंय, पण त्यातलं काही गाळावंसं वाटलं नाही.

प्रश्न : ताई, मी हेल्पडेस्कवर नऊ तासांच्या शिफ्टमध्ये काम करतो. सीसीएनए करायचं ठरवून आठ महिने झाले. व्हिडिओंची अख्खी मालिका दोनदा पाहिली, नोट्सच्या दोन वह्या भरल्या. पाहताना सगळं समजतं. पण सराव परीक्षेत पंचावन्न-साठ टक्क्यांच्या पुढे गाडी सरकत नाही, आणि सबनेटिंग (नेटवर्कच्या पत्त्यांचे गट पाडण्याचं गणित) तर आठवड्याभरात डोक्यातून जातं. परीक्षेची तारीख दोनदा पुढे ढकलली. रात्री घरी येऊन अभ्यासाला बसलो की अर्ध्या तासात डोळे मिटतात. दोन महिने नोकरी सोडून पूर्णवेळ अभ्यास करावा का?

उत्तर : नोकरी सोडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

'पाहताना सगळं समजतं' हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण घोडं तिथेच अडलंय. व्हिडिओत दुसरा कोणीतरी कमांड देत असतो, त्याचा पिंग (पलीकडचं मशीन पोचतंय का ते तपासणारा संदेश) जातो आणि आपण मान डोलावतो. समजतं हे खोटं नाही. पण कीबोर्डवर हात त्याचा असतो. नोकरी सोडलीत तर रोज नऊ तास हाताशी येतील, आणि मला भीती वाटते की त्या नऊ तासांत तुम्ही तीच मालिका तिसऱ्यांदा पाहाल.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅनची वाहतूक नेणाऱ्या जोडणीवर, नवीन व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) कसा वाढवायचा हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्याखाली रेघ मारली होती, सराव परीक्षेत त्यावरचा प्रश्न बरोबरही सोडवला होता. मग एका रात्री कामावर तशीच विनंती आली: अमुक स्विचच्या ट्रंकवर व्हीलॅन 30 सुरू करा. मी दुरून लॉगिन केलं आणि टाइप केलं, 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 30'. एंटर दाबलं आणि कर्सर जागीच थिजला. 'व्हीलॅन'च्या पुढे 'ॲड' हा शब्द लिहायचा राहिला होता. तो असेल तर 30 आधीच्या यादीत मिळवला जातो. नसेल तर आधीची अख्खी यादी जाते आणि तिथे एकटा 30 उरतो. त्या यादीत मॅनेजमेंटचा, म्हणजे मी ज्यातून लॉगिन केलं होतं तो व्हीलॅनही होता, म्हणजे ज्या फांदीवर बसले होते तीच मी तोडली. पलीकडचा पूर्ण मजला बंद. कोणीतरी कन्सोल केबल (उपकरणाला थेट जोडायची तार) घेऊन त्या स्विचपर्यंत पोचेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. तेवढा वेळ मी फोन कानाला लावून बसले होते आणि डोळ्यांसमोर पुस्तकातली ती रेघ मारलेली ओळ येत होती. ओळ मला पाठ होती. ती कमांड मात्र त्या रात्रीपर्यंत मी एकदाही स्वतः टाइप केली नव्हती.

(जाता जाता: दूरच्या उपकरणावर असा बदल करण्याआधी 'रीलोड इन 10' देऊन ठेवा. संपर्क तुटलाच तर दहा मिनिटांनी ते आपोआप रीस्टार्ट होतं आणि शेवटचं सेव्ह केलेलं कॉन्फिगरेशन परत येतं. सगळं ठीक झालं तर 'रीलोड कॅन्सल'. मात्र बदल तपासून होईपर्यंत सेव्ह करायचं नाही, नाहीतर या सगळ्याचा उपयोग शून्य.)

तुमचं सबनेटिंग आठवड्याभरात का जातं, याचं उत्तर एका प्रयोगात सापडतं. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं, आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा पाहिलं की लगेच 'येतंय' असं वाटतं, आणि त्या वाटण्यावर आपण विसंबतो. त्यामुळे आजपासून नियम एकच धरा: जे पाहिलं ते वही बंद करून करून बघायचं, मगच पुढचं पाहायचं.

आता वेळ कुठून आणायचा ते. रात्री घरी आल्यावर अभ्यास, हा हट्ट सोडा. नऊ तास लोकांच्या तक्रारी ऐकून आलेल्या डोक्याला ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात ती पद्धत) झेपत नाही, आणि त्यात तुमचा आळस काही नाही. अभ्यास ड्युटीच्या आधी करायचा. शिफ्ट सकाळची असो, दुपारची असो, रात्रीची असो, 'ड्युटीच्या आधी' हे ठरलेलं. झोपून उठल्यावरची पंचेचाळीस मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, आणि साप्ताहिक सुट्टीला सलग तीन तास. आठवड्याचे पावणेसात तास झाले. वीस आठवडे धरलेत तर 135 तास. तुमच्यासारख्या रोज नेटवर्कच्या आसपास वावरणाऱ्या माणसाला तेवढे पुरतात, हे मी माझ्याकडे शिकून गेलेल्यांकडे पाहून सांगते. अट एवढीच की ते तास हात चालवण्याचे असावेत. ड्युटीनंतर फार तर दहा मिनिटं प्रश्नांची कार्डं उलटा आणि झोपा. एखादा दिवस बुडला तर तो दुसऱ्या दिवशी भरून काढायला जाऊ नका. दीड तासाचं ओझं पाहून दुसराही दिवस बुडतो, हे मी भोगलंय.

त्या पंचेचाळीसपैकी पहिली दहा मिनिटं सबनेटिंगची. कागद-पेन्सिल, कॅल्क्युलेटर नाही. आपल्या मनानेच एखादा पत्ता घ्या, समजा 172.16.77.200, मास्क स्लॅश 22, म्हणजे पत्त्याचे पहिले 22 बिट नेटवर्कचे. पहिल्या दोन ऑक्टेटचे (टिंबांनी तोडलेल्या आकड्यांचे) सोळा बिट गेले, तिसऱ्यात सहा उरले, म्हणजे तिथला मास्क 252. 256 मधून 252 वजा केले की 4. म्हणजे तिसऱ्या ऑक्टेटमध्ये नेटवर्क चार-चारच्या उड्या मारत जातात: 72, 76, 80. आपला 77 हा 76 च्या घरातला. नेटवर्क 172.16.76.0. पुढचं घर 80 पासून सुरू होतं, म्हणून ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम उद्देशून असलेला पत्ता) त्याच्या एक आधी, 172.16.79.255. मधले वापरता येणारे पत्ते 76.1 पासून 79.254 पर्यंत, एकूण 1022. अशी रोज पाच उदाहरणं. मला सुरुवातीला एकेका उदाहरणाला चार मिनिटं लागायची, तिसऱ्या आठवड्यात अर्ध्या मिनिटावर आले. सबनेटिंग समजून घ्यायला एक दिवस लागतो. ते अंगवळणी पडायला मात्र रोजचाच घास लागतो, त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

मग अर्धा तास लॅब, म्हणजे सिस्कोच्या पॅकेट ट्रेसर या सिम्युलेटरमध्ये स्वतः नेटवर्क जुळवायचं. इथे माझं आग्रहाचं सांगणं आहे: जुळवलेलं नेटवर्क बिघडवायला शिका. दोन राउटर जोडा, ओएसपीएफ सुरू करा, शेजारचा राउटर 'फुल', म्हणजे पूर्ण जोडलेला, दिसला की फाइल सेव्ह करा. बहुतेक जण इथे उठतात. तुम्ही इथून सुरुवात करा. एका बाजूचा हॅलो टायमर (किती सेकंदांनी शेजाऱ्याला 'मी आहे' कळवायचं तो आकडा) 10 वरून 5 करा आणि बघत बसा. लगेच काही होत नाही. मग डेड टायमर, जो मुळात 40 सेकंदांचा असतो, संपला की शेजारी यादीतून नाहीसा होतो. हॅलो पॅकेट्स येतच असतात, पण आकडे जुळत नाहीत म्हणून राउटर ती टाकून देतो. पूर्ववत करा. आता एरिया (ओएसपीएफमधला राउटरांचा गट) बदला. मग इंटरफेस पॅसिव्ह, म्हणजे हॅलो न पाठवणारा, करा. मग इथरनेटच्या एका टोकाचा सबनेट मास्क बदला. चारही वेळा 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' तुम्हाला तेच दाखवेल: शेजारी गायब. बिघाड चार आणि लक्षण एक. त्यातून नेमकं कारण काढण्यासाठी 'शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस' वाचायची सवय लागते, आणि ती लागली की परीक्षेतले अर्धे अधिक प्रश्न ओळखीचे वाटायला लागतात. शक्य असेल तर सहकाऱ्याला सांगा, 'मी पाठ फिरवतो, तू एक गोष्ट बिघडव.' आम्ही दोघी असं करायचो. त्या मैत्रिणीने एकदा फक्त मशीनवरच्या डिफॉल्ट गेटवेचा (बाहेर जाण्यासाठीच्या राउटरच्या पत्त्याचा) एक आकडा बदलला होता आणि मी पंचवीस मिनिटं राउटिंग टेबल (राउटरची रस्त्यांची यादी) चाळत बसले. तेव्हापासून मी आधी टोकाचं मशीन पाहते, मग राउटर.

शेवटची पाच मिनिटं आज जिथे अडलात त्याचे दोन-तीन प्रश्न कार्डावर लिहायची. कार्ड दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा समोर आलं पाहिजे. त्यासाठी अँकी हे ॲप आहे, साधा डबाही चालतो.

आणि तुमचं हेल्पडेस्क, जे तुम्ही सोडायला निघालात! रोज एक तिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, निवडा आणि वहीत दोन ओळी लिहा: बिघाड नेटवर्कच्या सात थरांपैकी कोणत्या लेयरला होता आणि ते कशावरून कळलं. 'इंटरनेट चालत नाही' अशी तक्रार आली आणि मशीनचा पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर त्या मशीनला डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच एक घेतलाय. आता पुढे जा. एकाच मशीनचं असं झालंय की त्या व्हीलॅनमधल्या सगळ्यांचं? सगळ्यांचं असेल तर डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये आहे का, आणि राउटरवर हेल्पर ॲड्रेस (पत्त्याची मागणी त्या सर्व्हरकडे पुढे पाठवायची सूचना) दिलेला आहे का? ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही, हे वाक्य तुमच्या वहीत कुठेतरी असणारच. ते तिकिटात सापडलं की पुन्हा विसरत नाही. पूर्णवेळ अभ्यास करणाऱ्याला असं खरं तिकीट मिळत नाही, म्हणूनच मी नोकरीचा एवढा आग्रह धरते. फक्त कामावरच्या उपकरणांवर प्रयोग करू नका. परवानगी असेल तर 'शो' कमांड, त्यापलीकडे काही नाही.

एक हिशेब आज रात्रीच करा. सीसीएनएच्या अभ्यासक्रमात आयपी कनेक्टिव्हिटीला 25 टक्के, नेटवर्क फंडामेंटल्स आणि नेटवर्क ॲक्सेसला प्रत्येकी 20, सिक्युरिटीला 15, आयपी सर्व्हिसेस आणि ऑटोमेशनला प्रत्येकी 10 टक्के वजन आहे. तुमच्या दोन वह्यांची पानं या प्रमाणात आहेत का ते मोजा. पहिली वही ओएसआयच्या सात लेयरवर संपली असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही, सगळ्यांचं तसंच होतं. राउटिंगला पोचेपर्यंत दम संपतो.

तारीख कधी घ्यायची? सराव परीक्षेच्या टक्क्यांवर जाऊ नका, तेच प्रश्न फिरून येतात आणि उत्तरं तोंडपाठ होतात. माझी कसोटी अशी: कोऱ्या फाइलमध्ये तीन स्विच, दोन राउटर घ्यायचे. व्हीलॅन, ट्रंक, व्हीलॅनमधलं राउटिंग, ओएसपीएफ, डीएचसीपी, नॅट (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणं) आणि एक ॲक्सेस लिस्ट (कोणती वाहतूक जाऊ द्यायची याची यादी), हे सगळं नोट्स न पाहता उभं करून टोकाचा पिंग जायला हवा. पाऊण तासात दोनदा जमलं की त्याच दिवशी तारीख घ्या, तीन आठवड्यांनंतरची. आणि या खेपेला ती ढकलायची नाही.

प्रश्न : मी सिस्टिम ॲडमिन आहे, वय एकेचाळीस. आधी नेटवर्क प्लस करावं की थेट सीसीएनए? घरी सरावासाठी जुने राउटर, स्विच विकत घ्यावे लागतील का?

उत्तर : तुम्ही थेट सीसीएनएला बसा. कॉम्पटिया या संस्थेचं नेटवर्क प्लस कोणत्याही एका कंपनीच्या उपकरणांशी बांधलेलं नाही आणि त्यात संकल्पनांवर भर आहे: 90 मिनिटं, जास्तीत जास्त 90 प्रश्न, 100 ते 900 च्या मोजपट्टीवर 720 ला पास. नेटवर्कचा गंधही नसलेल्याला पहिली पायरी म्हणून ते चांगलं. तुम्ही त्या पायरीच्या पुढे आहात. सीसीएनए 120 मिनिटांची असते आणि तिच्यात सिस्कोच्या उपकरणांवर हात बसलेला लागतो. दोन्हींची मुदत तीन वर्षांची असते, हेही लक्षात असू द्या. कारण ती संपायच्या आत नूतनीकरण करावं लागतं.

उपकरणं घेऊ नका. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर मोफत मिळतं आणि या परीक्षेपुरतं ते भरपूर आहे. जुन्या स्विचच्या पंख्यांचा आवाज घरच्यांना झोपू देत नाही. वयाचा उल्लेख तुम्ही का केलात ते समजलं, पण त्यावर मला काही सांगावंसं वाटत नाही. ज्याने पंधरा वर्षं सर्व्हर सांभाळलेत त्याला डीएनएस म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही, ही तुमची बाजू जमेची आहे.

प्रश्न : ऑफिसातला एक सहकारी म्हणतो, त्याच्याकडे 'खऱ्या परीक्षेतले' प्रश्न उत्तरांसह आहेत, दोन आठवडे पाठ कर आणि बस. कामातून वेळ मिळत नाही म्हणून मोह होतोय.

उत्तर : घेऊ नका. परीक्षेआधी प्रश्न बाहेर न देण्याचा जो करार आपण मान्य करतो, त्याचा हा सरळ भंग आहे. पकडलं गेलं तर प्रमाणपत्र रद्द होतं आणि पुढच्या परीक्षांची दारंही बंद होऊ शकतात. पण मला जास्त काळजी पास झाल्यानंतरची आहे. मुलाखती घ्यायला मी बसते तेव्हा एकच प्रश्न हमखास विचारते: राउटिंग टेबलमध्ये 10.1.0.0 स्लॅश 16 हा रस्ता स्टॅटिक (हाताने घातलेला) आहे आणि 10.1.5.0 स्लॅश 24 ओएसपीएफने शिकलेला आहे, तर 10.1.5.9 ला जाणारं पॅकेट कुठून जाईल? पाठ करून आलेले झटकन सांगतात, 'स्टॅटिक, कारण त्याचा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स 1 आणि ओएसपीएफचा 110.' आकडे दोन्ही बरोबर, उत्तर चूक. डिस्टन्सची, म्हणजे रस्ता किती भरवशाचा हे सांगणाऱ्या आकड्याची (कमी तो चांगला), तुलना एकाच प्रीफिक्ससाठी, म्हणजे त्याच पत्ता-स्लॅश जोडीसाठी होते. इथे प्रीफिक्स वेगळे आहेत आणि जास्त लांब जुळणारा, म्हणजे स्लॅश 24, जिंकतो. ज्याने हे दोन रूट एकदा लॅबमध्ये टाकून पाहिलेत तो चुकत नाही.

एकदा असाच एक मुलगा समोर होता, प्रमाणपत्र ताजं होतं. मी त्याला मार्कर दिला आणि म्हटलं, काढून दाखव. फळ्यासमोर त्याचा हात थरथरत होता. मला त्याचा राग आला नाही, फार वाईट वाटलं. ज्याने त्याला ते प्रश्न दिले तो त्या खोलीत नव्हता.

वेळ मिळत नाही ही तुमची अडचण खरी आहे. तारीख पाच महिने पुढची घ्या. वर दिलेलं वेळेचं गणित तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : गेल्या आठवड्यात सीसीएनएत नापास झाले. एका लॅबच्या प्रश्नात अडकले, तिथेच वेळ गेला आणि शेवटचे प्रश्न धड वाचलेही नाहीत. ऑफिसात आणि घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही. लगेच पुन्हा बसू का?

उत्तर : मीही पहिल्यांदा नापास झाले होते, आणि तुमच्यासारखीच तीन दिवस गप्प होते.

नियमानुसार पाच दिवस थांबून पुन्हा बसता येतं, पण तेवढ्यात काही बदलत नाही. सहा आठवडे घ्या. निकालाच्या कागदावर प्रत्येक विभागातली टक्केवारी असते, तो कागद समोर ठेवा आणि जिथे टक्के कमी व वजन जास्त तिथून सुरुवात करा. ऑटोमेशनमध्ये चाळीस टक्के असतील तर ते थांबू शकतं. आयपी कनेक्टिव्हिटीत पन्नास असतील तर पहिले तीन आठवडे तिचेच.

लॅबच्या प्रश्नात अडकणं हा ज्ञानापेक्षा घड्याळाचा प्रश्न आहे. या परीक्षेत पुढे गेल्यावर मागे येता येत नाही, त्यामुळे सोडून जायला मन तयार होत नाही. म्हणून घरी प्रत्येक लॅबला घड्याळ लावा, दहा मिनिटं. दहा झाली की जेवढं झालं तेवढं सेव्ह करा आणि उठा, अर्धवट राहिलं तरी. पहिले काही दिवस हे फार जड जाईल. दोन आठवड्यांत कळेल की आपण कमांडवर अडत नव्हतो, प्रश्न नीट न वाचता टाइप करायला धावत होतो. माझं तरी तसंच होतं. प्रश्नात कोणता व्हीलॅन, कोणता इंटरफेस, सेव्ह करायचं आहे की नाही, हे आधी कागदावर उतरवायला लागले आणि वेळ उरायला लागला.

ऑफिसात सांगायचं की नाही ते तुमच्या वरिष्ठांच्या स्वभावावर सोडते. घरी मात्र आजच सांगा. पुढचे सहा आठवडे रोज पंचेचाळीस मिनिटं तुमच्या खोलीचं दार बंद राहणार आहे, तेवढ्या वेळात येणारा फोन, वाजणारी बेल आणि मुलांची हाक कोणीतरी दुसऱ्याने घ्यायची आहे. ते कशासाठी, हे त्यांना माहीत असायला हवं.